दुधाचे खाडे

पत्र थोडक्यात: इंदूरच्या एका जुन्या वस्तीतून ५२ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. घरात यजमान आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. मुलगी नोकरीसाठी पुण्यात. "ब्रह्मकमळ उमललं, भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली, मुलीने पुण्यात पहिल्यांदा एकटीने पुरणपोळी केली आणि ती फुटली नाही, असलं काही झालं की मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही." यजमानांचं उत्तर ठरलेलं: "बरं. मग?" मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचं त्या धावत सांगायला गेल्या, तर "त्याने नळाचं बिल कमी होणार का?" सासूबाईंचं वेगळंच: "फार हसू नये, मग रडावं लागतं." सासरे गिरणीत कामाला होते आणि यजमान कॉलेजात असताना गिरणी बंद पडली, "पण त्याला आता तीस वर्षं उलटली." यजमानांना मोकळेपणाने आनंदलेलं त्यांनी एकदाच पाहिलं, २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला तेव्हा. तक्रारीच्या ओघात एक ओळ अशीही आहे: "माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ नाही, पण गच्चीवरची पाण्याची कुंडी रोज सकाळी घासून भरतात. चिमण्यांसाठी!" शेवटी विचारलंय, "मी पोरकट आहे का? की आता सांगणंच बंद करू? दोन महिने झाले, मी काही सांगितलेलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही."

ताई,

आधी ती पुरणपोळी. पहिल्याच खेपेला, एकटीने केलेली, आणि फुटली नाही! माझी साठी उलटली तरी दर तिसऱ्या पोळीतून पुरण बाहेर डोकावतं. जिला ही बातमी वाटत नाही, तिने पुरण कधी वाटलेलं नाही. तुम्ही पोरकट आहात का, हा प्रश्न माझ्यापुरता इथेच निकालात निघाला.

उरलेलं इतकं सोपं नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर टांगलेलं असेलच. त्यावर दुधाचा हिशेब. ज्या दिवशी दूध आलं नाही, त्या चौकोनात फुली. महिनाअखेर खाडे मोजायचे, तेवढे पैसे कापायचे. हिशेबापुरती ही पद्धत चोख आहे. पण बाकीचे सत्तावीस दिवस पहाटेच्या अंधारात, पावसात, कुणीतरी येऊन पातेल्यात दूध ओतून गेलं, त्याची नोंद कुठेच नाही. नुसतं कॅलेंडर पाहणाऱ्याला वाटावं, ह्या घरात दुधाचे फार हाल आहेत. तुमचे यजमान, वर्तमानपत्रं, मी, आपण बहुतेक सगळे जगाचा हिशेब असाच लिहितो. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. खाड्याचे पैसे कापायचे असतात म्हणून तो लक्षात ठेवावा लागतो. आलेल्या दुधाचा चहा होतो आणि विषय संपतो.

मोठ्या गोष्टींचंही तेच. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला, आणि त्या दिवशी बातमी झाली. मधल्या हजाराहून जास्त दिवसांपैकी प्रत्येक दिवस असा उगवला आणि मावळला, की त्या विषाणूने देशात एकाही घरातलं मूल लुळं पडलं नाही. बातमी होणार कशी? न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत कॅलिपर घालून शाळेत येणारी दोन मुलं होती. आज गल्लीत एकही नाही, आणि हे मला हे पत्र लिहिताना आठवलं. एरवी आठवायचं काही कारणच नव्हतं.

तर तुम्ही आलेल्या दुधाची नोंद ठेवणाऱ्या बाई आहात. घरात असं एक तरी माणूस लागतं. मात्र अशा माणसाची एक चूक होते: खाडे लिहिणारा माणूस कोरडाच असणार, असं ते धरून चालतं.

"त्याला तीस वर्षं उलटली" असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी तुम्हाला जरा थांबवते. गिरणी कुठली ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारतही नाही. पण ज्यांनी तेव्हाचं इंदूर पाहिलंय त्यांना माहीत आहे की गिरणी एका दिवसात बंद पडत नाही. भोंगा थांबतो, बातम्या थांबत नाहीत. पुन्हा सुरू होणार म्हणे. देणी मिळणार म्हणे. कोर्टाची तारीख लागली म्हणे. दर वेळी कुणीतरी सायकल ओट्याला टेकवून हसत आत येतं, घरात चहा होतो, आणि पुढच्या महिन्यात काहीच होत नाही. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या तोंडाशी बंद पडली. तिथल्या कामगारांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला. ती खरीखुरी आनंदाची बातमी होती, सगळ्या शहराने आनंद मानावा अशी. आणि ती ऐकायला कितीतरी कामगार उरले नव्हते. कागद घेऊन आले ते त्यांच्या बायका आणि मुलं.

ज्या मुलाने कॉलेजच्या वयात वडिलांना अशा बातम्या घरात आणताना पाहिलं, तो "बरं. मग?" विचारायला शिकतो. ते "मग" तुमच्या ब्रह्मकमळासाठी नाही. तुम्ही त्या घरात सून म्हणून येण्याच्याही आधीचं आहे ते.

गिरणीच्या माणसांना आनंद ठाऊक नव्हता असं मात्र नाही, उलटच आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, निघतात. शंभरेक वर्षांची चाल. गिरण्या बंद पडल्या, पगार थांबले, तरी कामगारांनी वर्गण्या काढून, दारोदार मागून झांक्या रस्त्यावर आणल्या. लहानपणी आम्ही ओट्यावर सतरंजी टाकून रात्रभर जागायचो, आणि पहाटे शेवटची झांकी येईपर्यंत निम्मे झोपलेले असायचो. पण त्या आनंदाची जात पाहा. वर्षातून एक रात्र, ठरलेली तिथी, हजारो दिवे, सगळं शहर साक्षीला. त्याला "मग?" विचारायची सोयच नाही.

रणजीचंही तसंच. १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेश बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर हरला, तेव्हा कर्णधार होते चंद्रकांत पंडित. २०२२ मध्ये तेच मैदान, पंडित आता प्रशिक्षक, समोर मुंबई, आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारचं शतक, आणि मध्य प्रदेशाचा पहिला करंडक. तेवीस वर्षांनी! (होळकरांच्या संघाने त्याआधी चार वेळा जिंकला होता, तो हिशेब वेगळा. आमच्या वडिलांपुढे नुसतं "पहिला" म्हटलं असतं तर रात्रीचं जेवण मिळालं नसतं.) यजमान ओरडले ह्यात नवल नाही. फार उशिरा, पण खात्रीने, चारचौघांच्या साक्षीने आलेला आनंद त्यांना ओळखू येतो. रोज येणाऱ्या, कसलाही पुरावा नसलेल्या, एकट्या बायकोने कानाशी सांगितलेल्या आनंदावर त्यांचा भरवसा बसत नाही.

आणि तरीही ती कुंडी आहे.

तुम्ही ती ओळ तक्रार म्हणून लिहिलीत, उद्गारचिन्हासकट. मी ती दोनदा वाचली. "घासून" भरतात. नुसतं कालच्या पाण्यात पाणी ओतत नाहीत. शेवाळ धरू नये म्हणून घासतात. रोज कुंडी घासणारा माणूस नंतर जिना उतरण्याआधी दोन मिनिटं तिथे उभा राहत असणार. तिथे कोण येतं, कुठल्या वेळी येतं, कावळा आला की चिमण्या कुठे जातात, हे त्यांना माहीत असणार. तुम्ही कधी विचारलंत?

प्रश्न टोचेल, म्हणून माझीच गोष्ट सांगते. मागच्या पावसाळ्यात धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, कारल्याच्या वेलाला पहिलं कारलं लागलं." मी म्हटलं, "एवढ्या खताच्या पैशात बाजारात पाच किलो आली असती." तो हसला, मीही हसले. त्यानंतर वेलावर किती कारली धरली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शेली गेबल ह्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ह्याच गोष्टीचा अभ्यास केला. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण चांगली बातमी सांगितली की समोरचा चार तऱ्हांनी वागतो, असं त्यांनी मांडलं. एक जण उत्साहाने खोदून खोदून विचारतो. दुसरा मनातून खूश होतो, पण "छान" म्हणून थांबतो. तिसरा त्यात खोट काढतो. चौथा विषयच बदलतो. नात्यातल्या समाधानाशी मेळ दिसला तो पहिल्या तऱ्हेचा. दुसरा "छान"सुद्धा पुरला नाही. नळाचं बिल आणि माझं खत तिसऱ्या खान्यात. तुमचं ते "चिमण्यांसाठी!" कुठल्या खान्यात टाकायचं ते तुम्हीच ठरवा. संकटात जोडीदार धावून येतो का, एवढंच आपण बघत राहतो. सुखात तो कान देतो का, हे बघायचं सुचत नाही, आणि आपण देतो का हे तर नाहीच.

दोन महिने तुम्ही गप्प आहात आणि त्यांच्या लक्षात आलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी विचारलं नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे. ते विचारणार नाहीत. ज्या घरात वडिलांना "आज काय झालं?" विचारायची भीती वाटायची, त्या घरात वाढलेले आहेत ते.

सासूबाईंचं सोपं आहे असं मला वाटतं. "फार हसू नये" म्हणणाऱ्या ह्याच सासूबाई तुमच्या मुलीच्या बारशाला, तिच्या निकालाला मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढत आल्या असतील. दृष्ट ओसाड घराची कुणी काढत नाही. चांगलं काही दिसल्याशिवाय मोहऱ्या हातात येत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी त्यांना तुमचा आनंद थेट सांगू नका. "आई, ब्रह्मकमळाची दृष्ट काढायची का?" असं विचारा. त्या उठून बघायला येतील. बाई ७९ वर्षांच्या आहेत, बंद गिरणीच्या काळात त्यांनी घर ओढलंय. वाक्य बदलायला लावण्याच्या भानगडीत पडू नका.

आता सांगणं बंद करायचं का? नाही. पण सगळं एकाच कानात ओतायचं नाही, आणि कुठल्याही वेळी ओतायचं नाही. माणूस कामावरून येऊन चपला काढतोय, टीव्हीवर चार जण एकदम ओरडतायत, अशा वेळी ब्रह्मकमळाची काय कथा, लॉटरी लागल्याचं सांगितलं तरी "बरं" ऐकायला मिळेल. रविवारची पोह्यांची वेळ धरा. वर शेव, जीरावन मसाला, कच्चा कांदा, बाजूला कोपऱ्यावरच्या दुकानातली गरम जिलेबी. इंदूरचा माणूस ह्या बशीपुढे असेपर्यंत कुणाशी वाद घालत नाही, हा माझा अनुभव. तेव्हा सांगा, आणि एकच सांगा. आधी म्हणा, "मला मत नकोय, नुसतं ऐका." पुष्कळ पुरुषांना (आणि माझ्यासारख्या बहिणींना) काही सांगितलं की त्यावर तोडगा द्यायचा असतो असं वाटतं. तोडगा नकोय हे आधी कळलं की तेही सुटतात.

बाकीच्या बातम्यांना बाकीचे कान. ब्रह्मकमळ शेजारणीला, कारण तिला रात्री उठवून दाखवता येतं. पुरणपोळी पुन्हा मुलीलाच, तिच्याकडून दुसऱ्यांदा ऐकायची म्हणून. अभिजात मराठीची बातमी घरात नळाच्या बिलाशी टक्कर द्यायला का पाठवलीत? ३ ऑक्टोबर २०२४ चा तो निर्णय महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना जरा जास्तच लागला. आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला जात असाल तर मध्यंतरात चहाच्या रांगेत विषय काढून बघा, तिसरी घंटा ऐकू येणार नाही.

मग कॅलेंडर. खाड्याच्या फुल्या आहेत तिथे राहू द्या, दूधवाल्याचा हिशेब बिघडवू नका. रिकाम्या चौकोनांपैकी एकात, आठवड्यातून एकदा, दोन-तीन शब्द लिहा. रोज नको, रोज लिहिलं की त्याचंही दूध होतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो ह्यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांनी आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, कृतज्ञ वाटायला लावणाऱ्या गोष्टी लिहिल्या. त्रासांची यादी लिहिणाऱ्यांच्या मानाने त्यांना आपलं आयुष्य बरं वाटू लागलं. शब्द मात्र नेमके हवेत. "आज छान वाटलं" ह्यातून दोन महिन्यांनी काही हाती लागत नाही. "कोथिंबीर, न मागता" ह्यातून भाजीवाल्याचा चेहरा दिसतो. कुणाला वाचून दाखवू नका, लपवूही नका. एखाद्या चौकोनात दुसऱ्या अक्षरात काही उमटलेलं दिसलं तर हाका मारत जाऊ नका. बहुधा "गॅस बुक केला" असेल. असू दे.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी भराभर सांगते. समोरच्या घरात नुकतं काही विपरीत घडलं असेल तर आपली बातमी चार दिवस खिशात ठेवावी, एवढं सगळ्यांना कळतं. पण ती वर्षभर लपवली तर त्या घरातल्या माणसांना आपण परकं केलं असंही त्यांना वाटू शकतं. दुसरं, थोडं गंभीर. एखाद्याला आजवर जे आवडत होतं तेच आवडेनासं झालं, झोप आणि भूक बिघडली, आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना भेटावं, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर बोलता येतं. ताई, तुमच्या यजमानांच्या बाबतीत मला ती काळजी नाही. कुंडी रोज घासली जातेय.

हिवाळ्यात एका सकाळी दोघं इंदूरच्याच सिरपूर तलावावर जा. २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ह्यांना रामसर कराराखाली पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिल्यांदाच. पण हे आकडे त्यांना सांगत बसू नका, नळाचं बिल पुन्हा निघेल. तिकडे परदेशातून आलेली बदकं असतात. एखादं नाव त्यांना आलं तर सांगतील, नाही आलं तर दोघांनी मिळून चुकीचं ठेवावं. येताना गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, खा, लिंबू जास्त पिळून.

पण हिवाळा लांब आहे. उद्या सकाळी ते कुंडी नळाखाली धरतील तेव्हा तुम्ही गच्चीवर जा. "आज कोण आलं होतं?" एवढंच विचारा. आणि ते सांगत असताना खाली कुकरच्या शिट्या झाल्या तर होऊ द्यात.